कायझरची लांबी

जर्मनीत तीन माणसांना एकच वेड लागलं की ती मंडळ काढतात. आपल्याकडेही काढतात, पण आपल्याकडे तिसऱ्या बैठकीत दोन गट पडतात आणि इथे तिसऱ्या बैठकीत नियमावली मंजूर होते. आमचे साहेब, डॉक्टर ब्रुनहुबर, अशाच एका मंडळाचे चिटणीस होते. मंडळाचं काम असं, की जर्मनीतल्या प्राणिसंग्रहालयांत, सर्कशींत आणि हौशी लोकांच्या तळ्यांत जे अवाढव्य अ‍ॅलिगेटर आहेत त्यांची रीतसर नोंद ठेवायची. नाव, अंदाजे वय, वजन, लांबी, समोरून फोटो, बाजूने फोटो. सभासद बेचाळीस. त्यात दोन दंतवैद्य, एक नोटरी आणि बाकीचे बहुतेक निवृत्त मास्तर. एकाच्याही अंगावर साधा ओरखडा नव्हता.

माझा या लोकांशी संबंध यायचं काही कारण नव्हतं. मी स्वरूपा सामंत, इंगोलश्टाटमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या मेसराउममध्ये, म्हणजे मापनकक्षात, कामाला होते. दिवसभर भाग मोजायचे, आकडे लिहायचे, सही करायची. ही खोली बाराही महिने बरोब्बर वीस अंशांवर ठेवलेली असते, कारण धातू गरम झाला की फुगतो आणि जर्मन माणसाला फुगलेलं काही चालत नाही. निदान मला तेव्हा असं वाटायचं.

नोकरी दोन वर्षांच्या मुदतीची होती. मुदत २०१६च्या नोव्हेंबरात संपणार होती, आणि नोकरी कायम होणार की नाही हे डॉक्टर ब्रुनहुबर यांच्या एका सहीवर होतं. चाकणची चांगली नोकरी सोडून मी नवऱ्यामागे इथे आले, दीड वर्ष जर्मनच्या वर्गात बसून टेबल पुल्लिंगी का आणि दार स्त्रीलिंगी का हे पाठ केलं, एकशे चार अर्ज टाकले, तेव्हा कुठे ही नोकरी मिळाली होती. हृषिकेश, माझा नवरा, सॉफ्टवेअरमध्ये. तो रोज ट्रेनने म्युनिकला जायचा आणि संध्याकाळी साडेसहाला परत यायचा. त्याची नोकरी कायम होती. माझी झाली असती तर मी कुणाची तरी बायको म्हणून नाही, माझ्या कामावर या देशात राहिले असते. मला ते हवं होतं. खूप हवं होतं, हे इथेच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी जे केलं ते वाचताना कुणी उगाच बुचकळ्यात पडायला नको.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी डॉक्टरसाहेब माझ्या टेबलापाशी आले. एक खाजगी विनंती आहे, म्हणाले. अल्टम्युल नदीच्या काठी एका गावात क्नोल नावाच्या माणसाचं सरपटणाऱ्या प्राण्यांचं संग्रहालय आहे. तिथे कायझर नावाचा अ‍ॅलिगेटर आहे, चार मीटर साठ सेंटिमीटर, जर्मनीतला सगळ्यात मोठा. मंडळाला पंचवीस वर्षं होतायत, शरद ऋतूत स्मरणग्रंथ निघणार आहे आणि मुखपृष्ठावर कायझर असणार आहे. पण आजवर त्याचं शास्त्रीय माप कुणी घेतलेलं नाही. हॅम्बुर्गचं एक प्रतिस्पर्धी मंडळ शंका काढतंय. तेव्हा माप असं घ्यायचं की कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये. मग ते म्हणाले, की माझ्या विभागात तुमच्याइतका स्थिर हात कुणाचा नाही.

मी ताबडतोब हरभऱ्याच्या झाडावर चढले.

घरी हृषिकेशने तर नोकरी कायम झाल्यासारखे पेढे करायला घेतले, दुधाच्या पावडरीचे. जयंतदादांना फोन गेला. जयंतदादा म्हणजे इंगोलश्टाटच्या मराठी मंडळींचे सर्वज्ञ. बारा वर्षं एकाच कारखान्यात काढलेली, त्यामुळे घर कुठलं घ्यावं, दात कुठे काढावेत आणि साहेब हसला तर त्याचा अर्थ काय, हे सगळं त्यांना विचारायची पद्धत होती. ते म्हणाले, जर्मन माणूस घरगुती काम सांगतो म्हणजे त्याने तुला आपलं मानलं. सुसर मोजून दे आणि निवांत हो. ती सुसर नाही, अ‍ॅलिगेटर आहे, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. त्यांनी तीनदा सुसरच म्हटलं.

मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही गेलो. वर्षातून एकदा कायझरचं तळं उपसून घासतात आणि त्याला बाजूच्या कोरड्या कोठडीत हलवतात, तेव्हाच तो मोजता येण्यासारखा असतो. दारावर पाटी होती. 'जर्मनीचा सर्वांत मोठा अ‍ॅलिगेटर, ४.६० मी.' शेजारी फोटो. फोटोत कायझर पुढे पसरलेला आणि क्नोल त्याच्या मागे चांगला पाच-सहा पावलं लांब उभा, त्यामुळे जनावर एस.टी.एवढं आणि क्नोल बालवाडीतल्या पोराएवढा दिसत होता. ही युक्ती आमच्या घरातल्या लग्नाच्या अल्बममध्येही आहे. फक्त तिथे मामांना पुढे बसवलंय.

हा आकडा आला कुठून, असं मी क्नोलला विचारलं. त्याने भाबडेपणाने सगळं सांगून टाकलं. त्याच्या वडिलांनी कायझर एका बुडीत निघालेल्या सर्कशीकडून घेतला. सर्कशीच्या कागदावर चार मीटर वीस लिहिलेलं होतं. पुढे दर वर्षी नाताळात पाटी नव्याने रंगवताना वडील दोन सेंटिमीटर वाढवायचे, कारण जनावर वाढतं. वडील गेल्यावर क्नोलने ही प्रथा चालू ठेवली. वीस वर्षांत चाळीस सेंटिमीटर. मधल्या काळात कुणी मोजपट्टी लावली का? नाही, गरज काय, वाढ तर ठरलेली होती. मला हसता येईना. आमच्याकडे आलेल्या बायोडेटात हृषिकेश पाच फूट नऊ इंच होता. तो कुठे उभा राहिला की पाच फूट नऊ भरतो, ते मी लग्नानंतर सात वर्षं शोधते आहे.

मोजणीची तयारी मात्र अशी, की उपग्रह सोडत होतो असं वाटावं. पट्टी स्टीलची, प्रमाणपत्र असलेली. ती वीस अंशांना खरी, आणि कोठडीत एकोणतीस अंश, म्हणून पट्टीच्या प्रसरणाची दुरुस्ती काढली. ती चार दशांश मिलिमीटर भरली. कायझरचं स्वतःचं प्रसरण किती धरायचं, असं डॉक्टरसाहेबांनी गंभीरपणे विचारलं. मी म्हणाले, त्याबद्दल माहिती उपलब्ध नाही. त्यांनी वहीत तसं लिहून घेतलं. आमच्या नियमाप्रमाणे मोजण्याची पद्धत आधी तपासावी लागते, त्यासाठी तीन माणसांनी दहा भाग तीन-तीनदा मोजायचे असतात. दहा अ‍ॅलिगेटर नव्हते. बाकीचे नऊ कुठून मिळतील का, याची साहेबांनी मंडळाकडे लेखी चौकशी केली होती आणि मंडळाने लेखी खेद व्यक्त केला होता.

चार माणसांनी कायझरला सरळ धरलं, पशुवैद्याने जबड्याला काळी चिकटपट्टी गुंडाळली. एक अ‍ॅल्युमिनियमची लांब सळई त्याच्या शेजारी जमिनीवर टाकली, नाकाच्या टोकाशी एक काटकोन, तो मी बसवला, शेपटीच्या टोकाशी दुसरा. पाठीवरून पट्टी फिरवायची नाही, कारण पाठीचा फुगवटा लांबीत धरला की प्रत्येक जाडा प्राणी लांब होतो. सरळ अंतर. मी शेपटीकडे जमिनीवर पालथी झोपले. शेपटीचं टोक माझ्या गालापासून वीतभर होतं. ओल्या गोणपाटाचा वास येत होता. मला भीती वाटेल असं वाटलं होतं, ती वाटली नाही. उलट त्या म्हाताऱ्या जनावराबद्दल एकदम आदर वाटला. त्याने कधीही स्वतःची लांबी कुणाला सांगितलेली नव्हती.

मी तीनदा मोजलं. क्नोलने तीनदा. डॉक्टरसाहेबांनी, गुडघ्यावर बसून, चष्मा कपाळावर चढवून, तीनदा. नऊ आकडे आले. सगळ्यात लहान तीन मीटर त्र्याण्णव, सगळ्यात मोठा तीन मीटर पंचाण्णव. सरासरी तीन मीटर चौऱ्याण्णव. जिवंत, श्वास घेणाऱ्या, नाराज प्राण्यावर नऊ मापं दोन सेंटिमीटरच्या आत येणं म्हणजे काय, ते ज्यांनी आयुष्यात कधी काही मोजलंय त्यांना कळेल. ते माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम होतं.

तीन चौऱ्याण्णवचा अ‍ॅलिगेटर कुणाचीही बोबडी वळवायला पुरेसा असतो, पण त्या खोलीत सगळे त्याच्याकडे असे बघत होते, की जणू त्याने परीक्षेत कॉपी केली. क्नोल कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. डॉक्टरसाहेब फक्त "आल्झो", म्हणजे 'तर मग', म्हणाले आणि हात धुवायला गेले.

सोमवारी त्यांनी मला अहवाल करायला सांगितलं. कंपनीच्याच नमुन्यात करा, म्हणाले, दिसायला बरा दिसतो. इथून खरी गंमत सुरू झाली. आमच्या संगणकातला नमुना भागासाठी बनवलेला होता, आणि भागाला अपेक्षित माप असतंच. ती चौकट रिकामी सोडता येत नाही. मी पाटीवरचे चार मीटर साठ भरले. किती फरक चालेल, तीही चौकट रिकामी सोडता येत नाही. मी उदारपणे वीस मिलिमीटर भरले. मग प्रत्यक्ष माप भरलं आणि बटण दाबलं. कायझरच्या नावापुढे लाल रंगात उमटलं: 'निष्ट इन ऑर्डनुंग', ठीक नाही.

आमच्या संगणकात एखादा भाग ठीक नाही असं ठरलं की तक्रार क्रमांक आपोआप पडतो. पडला. आणि तक्रार पडली की आठ टप्प्यांचा अहवाल द्यावा लागतो. गाड्यांच्या धंद्यात त्याला एट-डी म्हणतात आणि त्याचा धाक देवाच्या कोपाएवढा असतो. दुसऱ्या दिवशी मला संगणकाचं पहिलं स्मरणपत्र आलं: सदोष भाग इतर भागांपासून वेगळा केला आहे का? मी लिहिलं, होय, तो कोठडीत आहे. साठ्यात असे आणखी किती भाग असू शकतात? मी लिहिलं, नाहीत. भाग कमी लांबीचा का झाला, पाच वेळा 'का' विचारून मूळ कारण शोधा. पहिला का: कारण तो तेवढाच वाढला. दुसरा का: कारण तो अ‍ॅलिगेटर आहे. तिसऱ्या 'का'पाशी मी अडकले.

खरं मूळ कारण सगळ्यांना माहीत होतं. पाटी खोटी होती. मी तसं लिहूनही पाहिलं: 'अपेक्षित माप चुकीचं.' संगणकाने ते घेतलं नाही, कारण अपेक्षित माप ग्राहक ठरवतो आणि ग्राहक चुकत नाही. ते बदलायला साहेबांची परवानगी लागते. मी परवानगीचा अर्ज साहेबांना पाठवला. तो त्यांच्याकडे पडून राहिला, एप्रिल, मे आणि जून. दर सोमवारी सकाळच्या बैठकीत पडद्यावर विभागाच्या उघड्या तक्रारी दिसायच्या. ब्रेकचे दोन भाग, एक बिजागरी, आणि एक 'कायझर, जिवंत'. वरच्या साहेबांनी एकदा विचारलं की हा कायझर कुठल्या गाडीत बसतो.

मध्येच एकदा क्नोलचा फोन आला. हिवाळ्यात प्राणी आकसतात असं काही असतं का, आणि ऑगस्टमध्ये पुन्हा मोजता येईल का, असं त्याने विचारलं. मला त्याची दया आली, आणि थोडा रागही आला.

जुलैत डॉक्टरसाहेबांनी मला बोलावलं. सुट्टीवर निघाले होते. टेबल आवरता आवरता म्हणाले, "फ्राऊ सामंत, ती तक्रार या महिन्यात व्यवस्थित बंद करा." एवढंच. मी परवानगीच्या अर्जाचं विचारणार होते, पण ते टेबलाचा खण लावून उभे राहिले होते.

त्या एका वाक्यावर आमच्या स्वयंपाकघरात रविवारी अडीच तास परिषद भरली. जयंतदादा मुद्दाम आले, सरितावहिनींनी दिलेली कोथिंबीरवडी घेऊन. त्यांनी वाक्य मला चार वेळा म्हणायला लावलं, साहेबांचा चेहरा कसा होता ते विचारलं, खण जोरात लावला की हळू ते विचारलं. मग निकाल दिला. "अगं, एवढं स्पष्ट आणखी कसं सांगेल तो? अर्जाला हात लावत नाही, पुस्तक छापायला चाललंय, तुझं कंत्राट त्याच्या हातात आहे. तुझी चूक झाली असं लिही आणि विषय संपव. मोजणाऱ्याची चूक म्हटलं की तक्रार एका दिवसात बंद होते. आम्ही काय कमी लिहिल्यात?"

मी म्हणाले, पण चूक झालेली नाही. हृषिकेश म्हणाला, "स्वरूपा, कुणाचा जीव जातोय का यात? एक मगर साठ सेंटिमीटर लांब झाली तर कुणाचं काय बिघडतंय?" सहासष्ट, असं मी म्हणाले. तो म्हणाला, बरं, सहासष्ट.

आता मी दोघांवर खापर फोडू शकते, आणि काही महिने मी तेच केलं. पण त्यांनी माझा हात धरून काही लिहवून घेतलं नाही. मलाही ते वाक्य तसंच ऐकू आलं होतं. आपण लहानपणापासून हेच शिकतो: वडीलधारा माणूस थोडं बोलतो आणि बाकीचं आपण समजून घ्यायचं असतं. जो समजून घेतो तो गुणी. 'आणखी पोळी नको' म्हणणाऱ्या पाहुण्याला दोन पोळ्या हव्या असतात, 'बघू' म्हणणाऱ्या काकांचं उत्तर नाही असतं. मी या विद्येत लहानपणापासून पहिल्या नंबराने पास झाले होते. साहेबांनी काय म्हटलं ते मी ऐकलंच नाही, त्यांना काय म्हणायचं असेल ते ऐकलं.

आणि खोटं लिहायचं तर तेही मी चोख लिहिलं, हे कबूल करायला हवं. माझीच मापं चुकली असं लिहिलं असतं तर बाकीच्या दोघांची सहा कशी जुळतात, हा प्रश्न आला असता. म्हणून मी लिहिलं, की नाकाकडचा काटकोन, जिथून शून्य धरायचं, तो बसवण्याचं काम माझं होतं. तो मी सहासष्ट सेंटिमीटर आत बसवला. त्यामुळे नऊच्या नऊ मापं सारख्याच फरकाने कमी आली. मूळ कारण: मोजणाऱ्याची चूक. अपेक्षित माप: अबाधित. उपाय: मोजणाऱ्याला प्रशिक्षण. ते प्रशिक्षणही मी घेतलं. संगणकावरचा अर्ध्या दिवसाचा पाठ, नाव 'मोजपट्टीची ओळख', शेवटी दहा प्रश्न. दहापैकी दहा पडले. प्रमाणपत्र अहवालाला जोडलं. डॉक्टरसाहेबांनी सुट्टीवरून परत येताच सही केली, एक शब्द न बोलता. पडद्यावरचा लाल ठिपका हिरवा झाला. जयंतदादांनी अंगठा पाठवला.

स्मरणग्रंथ ऑक्टोबरात आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर कायझर आणि खाली '४.६० मी., प्रमाणित'. त्याच आठवड्यात साहेबांनी मला कंत्राटाच्या बोलणीला बोलावलं. मी मोतिया रंगाचा शर्ट इस्त्री करून घातला होता. मनात आभाराची दोन वाक्यं जर्मनमध्ये तयार होती आणि क्रियापदं बरोबर शेवटी होती.

त्यांच्यापुढे टेबलावर एकच कागद होता. माझा अहवाल. ते म्हणाले की मुदत वाढवणार नाही, नोकरी कायमही करणार नाही. मापनकक्षात ज्या व्यक्तीने सहासष्ट सेंटिमीटरची चूक लेखी मान्य केली आहे तिची शिफारस ते करू शकत नाहीत. आवाज चढलेला नव्हता. हवामान सांगावं तसं सांगितलं.

मला आधी कळलंच नाही. मग मी म्हणाले की तुम्ही तिथे होता, तुम्ही स्वतः तीनदा मोजलंत, तुम्हाला माहीत आहे.

"अर्थात माहीत आहे," ते म्हणाले. "तो प्राणी तीन मीटर चौऱ्याण्णव आहे. पण तो प्रश्न नाही. प्रश्न हा आहे की तुम्हालाही माहीत होतं."

मी म्हणाले की तुम्हीच तक्रार बंद करायला सांगितलंत. त्यांनी मान हलवली. व्यवस्थित बंद करा असं सांगितलं होतं, म्हणाले; मापं खरी आहेत, अपेक्षित आकडा निराधार आहे, असं टिपण जोडून तुम्ही ती त्याच दिवशी माझ्याकडे सहीला आणू शकला असतात. मी तुम्हाला खोटं लिहायला सांगितलं का? उद्या ब्रेकचा भाग कमी भरला आणि कुणी म्हणालं की लवकर बंद करा, तर तुम्ही काय लिहाल, हे मला आता कळत नाही.

त्यांनी सांगितलं नव्हतं. हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी विचारलं, की मग पुस्तकावर चार साठ कसं छापलं?

त्यावर ते जरासुद्धा गडबडले नाहीत. मंडळाच्या नियमावलीप्रमाणे सही झालेल्या शेवटच्या कागदाचा आधार घेतात, म्हणाले. शेवटचा कागद माझा होता. पाटीवरचा आकडा अबाधित आहे असं त्यात मीच लिहिलं होतं. आणि त्यांच्या हाताने घेतलेली तीन मापं? तीही माझ्या शून्यापासून घेतलेली, म्हणून बाद. असं मीच लिहिलं होतं. त्यांनी फक्त सही केली होती. माझा अर्ज तीन महिने का पडून राहिला, हे मी विचारलं तेव्हा मात्र त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि पुढच्या बैठकीची वेळ झाली आहे असं म्हणाले.

तर असा हा सज्जन माणूस. त्याला त्याचा चार साठचा कायझरही मिळाला आणि तत्त्वही शाबूत राहिलं, आणि दोन्हींवर सही माझी. चिडून मी त्याला काय काय नावं ठेवली ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्याने माझ्याबद्दल जे म्हटलं त्यातलं एक अक्षरही खोडता येईना. तो लबाड होता आणि त्याचं बरोबर होतं. दोन्ही एकदमच.

जयंतदादांना फोन केला. ते म्हणाले, अगं, इतकं मनावर घेऊन सविस्तर कशाला लिहायचं, मोघम लिहायचं असतं. मग म्हणाले, तरी तो अहवाल मला पाठवून ठेव, पुण्याहून नवी मुलं येतात त्यांना नमुना म्हणून दाखवता येईल, फार सुबक झालाय. मी फोन ठेवला.

हृषिकेश साडेसहाला आला. मी कणीक मळत होते. सगळं सांगितलं. साहेबाला त्याने भरपूर शिव्या घातल्या, मराठीत, आणि दोन जर्मनमध्ये. माझ्या पाठीवरून हात फिरवला. दुसरी नोकरी मिळेल, ड्युसेलडॉर्फला बघू, कायझर्सलाउटर्नच्या एखाद्या संशोधन संस्थेत बघू, असं बराच वेळ बोलला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. मग तो खुर्चीत बसला, पाणी प्यायला, आणि ग्लास हातातच धरून माझ्याकडे न बघता म्हणाला, "एक विचारू? रागावू नकोस. तो खरंच तीन चौऱ्याण्णवच होता ना?"

हा प्रश्न त्याने मार्चमध्ये विचारला असता तर मी हसले असते.

मी हो म्हणाले. पण म्हणायच्या आधी क्षणभर थांबले, नाकाकडचा तो काटकोन मी नेमका कुठे बसवला होता ते आठवायला, आणि ते थांबणं त्याला दिसलं.